उलट्या लेबलांची तबकडी

दगड ठेवला आणि सगळ्या हॉलच्या तोंडून एकदम "अहाहा!" निघालं.

सदाशिव पेठेतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल. बाहेर जिन्यात चपलांचा ढीग, आत पांढऱ्या चादरींवर दाटीवाटीने बसलेली मंडळी. मंडळी म्हणजे ऐरीगैरी नव्हेत. निवृत्त इंजिनिअर, दोन-तीन डॉक्टर, बँकेतले एक मोठे साहेब, हिंजवडीत लठ्ठ पगार घेणारी तरुण मुलं. यांच्यापुढे कुणी अंगात आलेला भगत आणून उभा केला असता, तर यांनी त्याला चार तिरकस प्रश्न विचारून घाम फोडला असता. पण आज ही सगळी शहाणी माणसं एका काळ्या चपट्या दगडापुढे डोळे मिटून बसली होती.

दगड पुरणपोळीएवढा होता. तो ज्या यंत्राच्या कोपऱ्यावर ठेवला गेला त्याचं नाव 'अनाहत'. जुन्या तबकड्या वाजवण्याचं यंत्र, म्हणजे टर्नटेबल. पण तसं कुणी म्हटलं की नादाचार्य अभिनव यांच्या कपाळाला आठी पडायची. पितळेचे तीन पाय, वर जाड काचेची चकती, सुईचा दांडा चंदनाचा. शेजारून अजगराएवढी जाड वायर निघून स्पीकरच्या पेटीमागे गेलेली. वर टांगलेला कॅमेरा ही सगळी शोभा भिंतीवरच्या पडद्यावर दाखवत होता, मागच्यांनाही दर्शन घडावं म्हणून.

"फरक कळला?" नादाचार्यांनी विचारलं. पन्नाशीचे, रेशमी झब्बा, आवाज मधात बुडवलेला. "सह्याद्रीचा बेसाल्ट आहे हा. कोट्यवधी वर्षं गप्प बसलाय. त्याच्या मौनात नादातला कचरा शोषला जातो. आणि ही वायर! तांब्याची तार डावीकडून ओढली की आवाज चिडका येतो, उजवीकडून ओढली की शांत. आम्ही अमावस्येलाच वळतो. क्वांटम लेव्हलवर तेव्हा सगळं स्थिर असतं."

त्यांचा डावा हात सारा वेळ भगव्या गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या पिशवीत, होता. जप सतत चालू असतो, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. तबकडी फिरताना नादाला आधार लागतो म्हणे.

प्रियदर्शनी शेवटच्या रांगेत, वडिलांच्या शेजारी बसली होती. याच पेठेत, दोन गल्ल्या सोडून तिचा दवाखाना होता. लोकांचे कान तपासायचे, कुणाला किती ऐकू येतं ते मोजायचं आणि लागेल त्याला श्रवणयंत्र बसवून द्यायचं, हे तिचं काम. दिवसभर बारीकसारीक आवाजांच्या मागे असलेल्या माणसाला सवय जडते. दगड ठेवताना तिनेही डोळे मिटले होते, आणि तिला जे ऐकू आलं ते अगदी साधं होतं.

"आवाज वाढवला का हो?" तिने विचारलं.

हॉलमधली सगळी डोकी मागे वळली. देवळात चपला घालून आलेल्या बाईकडे बघावं तसे लोक तिच्याकडे बघत होते.

"ताई, आपण काय करता?" नादाचार्यांनी गोड हसून विचारलं.

"कान तपासते."

"तरीच! आपण कानाने ऐकता. इथली मंडळी आता त्याच्या पुढे गेली आहेत."

हशा पिकला. पुढच्या रांगेतले माधवराव तर मांडीवर थाप मारून हसले. हे निवृत्त इंजिनिअर नादाचार्यांचे पहिले गिऱ्हाईक. घरी 'अनाहत' आणूनही वडिलांच्या पेटीवादनाच्या तबकडीतून हॉलसारखा आवाज येईना म्हणून त्यांनी विचारणा केली, तेव्हा घराची वीज अशुद्ध असल्याचं निदान झालं. मग माधवरावांनी सगळं वायरिंग बदललं आणि सोसायटीच्या बागेत स्वतःच्या यंत्रापुरता अर्थिंगचा खड्डा खणला. त्यावरून सोसायटीत झालेलं भांडण अजून मिटलेलं नव्हतं, आणि आवाजही अजून आलेला नव्हता. पण दोष आपल्या घराचाच, यावर माधवरावांची पक्की निष्ठा होती.

प्रियदर्शनीला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. तिला धक्का बसला तो बाजूला बघून. बाबा डोळे मिटून, पुढे झुकून ऐकत होते.

संभाजी म्हणजे तिचे बाबा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. या माणसाने आयुष्यात कुठल्या बुवापुढे हात जोडले नव्हते. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाकी नवस, मुहूर्त, दोरे-गंडे यांना दारातूनच परत पाठवलेलं. ऑफिसातला साहेब सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आला तर "शिरा छान झालाय" एवढंच म्हणून खाणारे. समोरच्या माणसाने देवाचं नाव घेतलं असतं तर बाबा उठून चालू लागले असते. पण तो यंत्राचं नाव घेत होता, आणि यंत्रावर बाबांचा विश्वास होता.

मैफल संपल्यावर चहा झाला. नादाचार्य एकेकाजवळ जाऊन बोलत होते. बँकेच्या साहेबांशी बोलताना प्रणव आणि नाभी, हिंजवडीच्या मुलांशी बोलताना फ्रीक्वेन्सी आणि एनर्जी. बाबांपाशी आले आणि एकदम खाली बसले.

"संभाजीसाहेब, इथे पूजाबिजा काही नाही. शुद्ध विज्ञान आहे. आपल्याला एकच विचारतो. आपल्या कुणाचा आवाज आहे का एखाद्या तबकडीत अडकलेला?"

अडकलेला, हा शब्द बरोबर लागला. बाबांनी कप खाली ठेवला आणि त्या परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं.

प्रियदर्शनीची आई ललिता लग्नाआधी पिंपरीच्या एका कलापथकात गायची. त्या पथकाची एक छोटी तबकडी निघाली होती. एका बाजूला बायकांचं समूहगीत, शाळेला निघालेल्या मुलींचं. दुसऱ्या बाजूला पथकाच्या शाहिरांचं एकट्याचं गाणं, डफावर. समूहगीतात दहा-बारा बायका, त्यांतली मागच्या रांगेतली एक ललिता. पुढे ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका झाली आणि गाणं स्वयंपाकघरापुरतं उरलं. तिथे कुणी काही रेकॉर्ड केलं नाही. घरातली माणसं रोजचा आवाज कुठे जपून ठेवतात? आई गेली, आणि तिचा गाता आवाज जगात त्या एका तबकडीवरच राहिला, तोही दहा-बारा आवाजांत मिसळलेला.

"आता तर काहीच कळत नाही हो," बाबा म्हणाले. "सगळा गोंगाट ऐकू येतो. झिजली असणार."

"झिजली नाही, साहेब. नाद आत आहे, आपलं यंत्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. 'अनाहत' एकेक श्वास वेगळा करतं. आपल्या मिसेस आपल्याला वेगळ्या ऐकू येतील. तबकडी ठेवून जा, धुवून घेतो. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर लावू."

बाबांनी पिशवीतून तबकडी काढली. ती बरोबर आणलेलीच होती, हे प्रियदर्शनीला तेव्हा कळलं.

परतताना तिने बाबांना स्कूटरवर मागे घेतलं. स्वारगेटच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती मान वळवून ओरडली, "बाबा, तुम्ही आधी कान तपासून घ्या!"

"पान? मी कधी पान खाल्लंय?"

"कान! कान!"

"मला व्यवस्थित ऐकू येतं. तूच पुटपुटतेस."

गेली दोन वर्षं हेच चाललं होतं. कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती, दाराची बेल ऐकू येत नव्हती, आणि गावभर लोकांच्या कानांना यंत्रं बसवणाऱ्या मुलीचे वडील तिच्याच दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हते. वय झालं की कानाला आधी बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात. बायकांचे आवाज एकमेकांत मिसळून जातात. तबकडी होती तशीच होती, झिजले होते ते कान. पण कानाचं म्हटलं तर म्हातारपण कबूल करावं लागतं, आणि तबकडीचं म्हटलं तर नुसतं यंत्र घ्यावं लागतं.

यंत्राची किंमत कात्रजला बाबांच्या घराचा जिना चढताना समजली.

"हा फ्लॅट देऊन टाकतोय," बाबा लॅचमध्ये किल्ली फिरवत म्हणाले. "एजंटने गिऱ्हाईक आणलंय. पुढच्या सोमवारी इसार घ्यायचा."

"एका टर्नटेबलसाठी घर विकणार?"

"वायर आणि दगडही आला त्यात."

दार उघडलं तर बाहेरच्या खोलीत मुली अभ्यासाला बसलेल्या. डोंगराच्या कडेच्या वस्तीतल्या मुली, घरी बसायला जागा नाही अशा. त्यांच्यासाठी आईने ही खोली मोकळी ठेवली होती. दोन लांब टेबलं, एक फळा, पाण्याचा माठ. आई गेल्यावर बाबांनी अभ्यासिका एक दिवसही बंद ठेवली नव्हती. एका मुलीकडे किल्ली असे, माठ मात्र बाबा स्वतः भरत.

"आणि या कुठे जातील?" ती हळू आवाजात म्हणाली. बाबांना ऐकू गेलं नाही, किंवा जाऊ दिलं नाही. तिला त्यांचा भयंकर राग आला. आईचा आवाज विकत घेण्यासाठी आईची खोली विकायला निघालेला हा माणूस, आणि तोही तिचे सगळ्यात लाडके बाबा!

रात्रीच्या जेवणाला तिने प्रज्ञेशला सगळं सांगितलं. नवरा सॉफ्टवेअरमधला, बोलायला कमी आणि बोलला की तिरका.

"रेकॉर्ड ठेवून घेतली? कशाला?"

"धुवायला."

"एक रेकॉर्ड धुवायला आठवडा? पैठणी आहे का ती?" तो जेवता जेवता थांबला. "प्रिया, धुतलेली रेकॉर्ड आणि न धुतलेली यात काय फरक असतो मला माहीत नाही. पण आठवडाभर एखाद्याच्या ताब्यात असलेली वस्तू आणि नसलेली, यात फार फरक असतो."

तिलाही तेच वाटत होतं. पण काय करत असेल तो त्या तबकडीचं, हे दोघांनाही सांगता येईना. नुसता संशय घेऊन बाबांपुढे गेलं तर ते म्हणणार, पुरावा दाखव. त्यांनीच तिला तसं वाढवलं होतं.

पुढच्या रविवारी हॉल आणखी भरला. 'अडकलेला नाद मुक्त होणार' अशी बातमी पेठेत फिरली होती. पुण्यात फुकट कार्यक्रमाला गर्दी कमी पडत नाही, त्यातून कुणी रडणार असेल तर नाहीच नाही. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. प्रियदर्शनी आणि प्रज्ञेश त्यांच्या दोन्ही बाजूंना.

नादाचार्यांनी मखमली पिशवीतून तबकडी काढली, दोन बोटांनी धरून सगळ्यांना दाखवली आणि लेबल वाचलं. "समूहगीत. बाजू पहिली." मग ती काचेच्या चकतीवर ठेवली. पडद्यावर निळं लेबल एवढं मोठं दिसलं की मागच्या भिंतीवरूनही वाचता यावं. दगड ठेवला. गोमुखीत हात गेला. चंदनाचा दांडा खाली आला.

थोडी खरखर झाली आणि गाणं सुरू झालं.

बायकांचे आवाज होते, पण लांब, पडद्याआड असल्यासारखे. आणि त्यांच्या पुढे, अगदी समोर बसून गावी तशी, एकच बाई गात होती. तरुण, किंचित बसका आवाज. ओळ संपताना घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. आवाज एवढा मोठा ठेवलेला की बाबांनाही काही निसटू नये.

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "ललिता," ते म्हणाले. मागे कुणीतरी हुंदका दिला. आणि प्रियदर्शनीलाही रडू आलं. तीही शेवटी त्या आईचीच मुलगी होती. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे फ्लॅट, जाऊ दे सगळं, हा आवाज असाच चालू राहू दे. आपण चुकलो असू तर बरंच होईल, असंही तिला वाटलं.

तिने डोळे पुसले आणि पडद्याकडे बघितलं. निळं लेबल गरगर फिरत होतं. बाजू पहिली, समूहगीत.

आणि तिला एकदम घरातली एक जुनी थट्टा आठवली.

त्या तबकडीची लेबलं उलटी लागली होती. कारखान्यात कुणाच्या तरी हातून चूक झाली आणि समूहगीताच्या बाजूवर शाहिरांचं नाव गेलं, शाहिरांच्या बाजूवर समूहगीताचं. आई तेव्हा वस्तीत दारोदार जाऊन सांगत फिरली होती, "अहो, आमचं गाणं ऐकायचं तर उलटी लावा." पुढे तो घरातला मंत्रच झाला. रिमोट चालेना, उलटी लाव. गॅस पेटेना, उलटी लाव. पाहुण्यांना वाटे या घरात कुणाला सारखी उलटी होते की काय. लहानपणापासून प्रियदर्शनीने ती तबकडी शाहिरांचं नाव वर ठेवूनच वाजवलेली पाहिली होती. तशी लावली तरच आई गायची.

आत्ता समूहगीताचं नाव वर होतं. म्हणजे सुईखाली शाहीर होते, डफ घेऊन, एकटे. मग या बायका कुठून गात होत्या?

ती बाबांच्या कानाशी वाकली आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "बाबा, उलटी लावलेली नाहीये."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ ते त्या फिरणाऱ्या निळ्या कागदाकडे बघत राहिले. ज्या माणसाने तीस-चाळीस वर्षं आपल्या हाताने ती तबकडी उलटी लावली, त्याच्या ध्यानात ही गोष्ट राहिली नव्हती. आवाज आला आणि तो वाहून गेला होता. पण आता ती त्याच्या ध्यानात आली, आणि ती येताना प्रियदर्शनीला त्यांच्या चेहऱ्यावर दिसली.

बाबा उठले आणि यंत्राकडे गेले.

"साहेब, हात लावू नका! नाद तुटेल!" नादाचार्य पुढे सरसावले.

बाबांनी चंदनाचा दांडा दोन बोटांत धरला आणि सुई उचलली.

गाणं चालूच राहिलं.

पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. सुई हवेत, तबकडी खाली आपली आपली फिरतेय, आणि ती बाई तशीच गातेय, ओळीच्या शेवटी श्वास घेऊन. बाबा दांडा धरून उभे होते.

"हे... हे अनुरणन आहे," नादाचार्य म्हणाले. "नाद एकदा मुक्त झाला की सुईची गरज राहत नाही. ही फार वरची अवस्था—"

"मग एवढी महाग सुई कशाला विकता?" प्रज्ञेशने विचारलं.

या वेळी हशा वेगळ्या बाजूने आला. नादाचार्यांचा गोमुखीतला हात जोरात चाळवला. गाणं बंद करायचं असणार, पण घाईत बोट भलतीकडे पडलं. बायका एकदम गप्प झाल्या आणि हॉलमध्ये पेटी वाजायला लागली. हळुवार, घरगुती हात, मधेच एक ओळखीची चूक.

माधवराव ताडकन उभे राहिले. "ही माझ्या वडिलांची पेटी आहे."

त्यांनी वळून सगळ्या हॉलकडे पाहिलं.

"माझ्या वडिलांची रेकॉर्ड तर माझ्या घरी आहे. कपाटात. मग हे काय वाजतंय?" त्यांचा आवाज चिरकला. ते पुढे झाले आणि त्यांनी नादाचार्यांच्या हातावरची गोमुखी ओढून काढली. आत मोबाइल होता. जपमाळही होती, मोबाइलच्या कव्हरला अडकवलेली.

मग कुणीतरी ती अजगरासारखी वायर ओढली. अमावस्येला वळलेलं तिचं दुसरं टोक स्पीकरच्या पेटीमागे नुसतं खोचलेलं होतं. ते जोडलं कशालाच नव्हतं.

नादाचार्यांना लोकांनी मारलं नाही. पेठेत मारत नाहीत, बोलतात, आणि त्या दिवशी जे बोलले ते मारापेक्षा सोपं नव्हतं. बँकेच्या साहेबांनी दार लावून घेतलं, एका डॉक्टरांनी पोलिसांना फोन केला. प्रियदर्शनीने पोलीस येईपर्यंत एकच काम केलं. तोच मोबाइल हातात घेऊन तिने मंडळींना डोळे मिटायला सांगितलं. एक गाणं लावलं, आणि मध्येच आवाज जेमतेम कळेल इतका वाढवला.

"आता कसं वाटतंय?"

"जास्त चांगलं," दोन-तीन जण म्हणाले. "खोल वाटतं."

"दगड माझ्या पायाशी आहे," ती म्हणाली. "आवाज थोडा वाढला की गाणं आपल्याला मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. कान तसाच आहे आपला सगळ्यांचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण म्हणूनच दोन यंत्रं ताडून बघायची तर दोघांचा आवाज सारखा ठेवायचा, आणि कुठलं चालू आहे हे ऐकणाऱ्याला सांगायचं नाही. चांगली सुई, स्थिर फिरणारी चकती यांनी फरक पडतो, नाही कोण म्हणतं? पण तो फरक डोळे बांधून ओळखता यायला हवा. किंमत ऐकल्यावरच ओळखू येणारा फरक यंत्रात नसतो."

बाकीचं प्रज्ञेशने सांगितलं. तबकडी आठवडाभर ठेवून घ्यायची, दोन्ही बाजू कुणाकडून तरी मोबाइलमध्ये उतरवून घ्यायच्या. आता असे प्रोग्रॅम आहेत की गाण्यातून एखादा आवाज वेगळा काढून पुढे आणतात, आणि नीट निघाला नाही तर जवळपासचा बनवूनही देतात. तबकडी फिरते ती शोभेला, आवाज गोमुखीतल्या मोबाइलमधून वायरशिवाय थेट स्पीकरला जातो. उतरवणाऱ्याने 'समूहगीत' अशा नावाने गाणं पाठवलं असणार. ते कुठल्या बाजूचं होतं हे त्याने सांगितलं नाही आणि नादाचार्यांनी विचारलं नाही. नादाचे एवढे मोठे आचार्य, पण ती तबकडी त्यांनी एकदाही स्वतः लावून ऐकलेली नव्हती. नुसतं लेबल वाचलं होतं.

माधवराव चादरीवरच बसून राहिले होते. जाताना ते प्रियदर्शनीला म्हणाले, "सोसायटीला काय सांगू हो? खड्ड्याचं?"

"झाड लावा त्यात," ती म्हणाली.

कात्रजला स्कूटरवरून उतरल्यावर बाबांनी विचारलं, "तो आवाज कुणाचा होता?"

"माहीत नाही, बाबा. मलाही आईच वाटली."

त्यांनी मान हलवली. एजंटला फोन करून नाही म्हणून सांगितलं. आणि मग, रस्त्यावरच्या गाडीचा हॉर्न ऐकू न आल्यामुळे प्रियदर्शनीने ओढून बाजूला घेईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ते आपणहून दवाखान्यात आले. बाहेरच्या बाकावर इतर पेशंटांसारखे नंबर लावून बसले.

श्रवणयंत्रं बसल्यावर पहिले काही दिवस ते सगळ्यांवर चिडत होते. पंखा केवढा आवाज करतो, पिशव्या केवढ्या वाजतात, मुली केवढ्या कुजबुजतात! मग एका संध्याकाळी त्यांनी जुना पेटीसारखा प्लेअर काढून अभ्यासिकेच्या टेबलावर ठेवला आणि तबकडी लावली. शाहिरांचं नाव वर. खरखर झाली, आणि बायका गायला लागल्या.

मुली पुस्तकं मिटून ऐकत होत्या. प्रियदर्शनी दाराशी उभी होती. बाबा वाकून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"आई येते ऐकू?" तिने विचारलं. या वेळी ओरडावं लागलं नाही.

"बाजूला टाळ आहे, तो आज कळला," बाबा म्हणाले. "शब्द सगळे कळतात. ती वेगळी नाही येत." त्यांनी फिरणाऱ्या तबकडीकडे पाहिलं. "यायची पण नाही. कोरसात होती ना ती. कुणाचा आवाज वेगळा निघू नये म्हणून महिनाभर तालीम करायच्या, मी बाहेर सायकल घेऊन उभा असायचो. आणि मी मूर्ख, तिला त्यातून उपटून काढायला निघालो होतो."

त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी ते लपवले नाहीत.

"आजोबा," एका मुलीने विचारलं, "एखादा माणूस खोटं बोलतोय हे कसं ओळखायचं असतं?"

बाबांनी तबकडीवरची सुई उचलली. गाणं थांबलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

"असं," ते म्हणाले. "कुणी काही अजब दाखवलं, देवाच्या नावाने दाखवू दे नाहीतर यंत्राच्या, की रडायच्या आधी आणि हात जोडायच्या आधी सुई उचलून बघायची. गाणं खरं असेल तर ते थांबतं. थांबलं म्हणून घाबरायचं नाही."

त्यांनी सुई पुन्हा हळूच खाली ठेवली, आणि त्या दहा-बारा बायका एका आवाजात गायला लागल्या.